मी प्यायलेला आठवडा

वैशाखातली सकाळ होती. नऊ वाजायचे होते, तरी डेअरीचा पत्रा असा तापला होता की चिमणी बसायची आणि पाय भाजल्यासारखी उडायची. वारं नाहीच. खुटबाव स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर एक छत्री तेवढी हलत होती. त्या छत्रीबरोबर आमच्या लॅबची पुढच्या सहा आठवड्यांची करमणूक सुरू होणार होती, हे मला कुठं ठाऊक!

करमणूक म्हणजे छत्रीखालची पोरगी नव्हे हं. करमणूक मी.

त्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं बाटल्या धुतल्या. बाटली धुतली की मोकळी होते. किस्से मात्र धुऊन जात नाहीत. दुधाच्या पातेल्यासारखं असतं बघा. रोज थोडी साय कडेला चिकटते, आणि एक दिवस खरवडायला घेतली तर वाटीभर निघते. आता घरीच बसलोय, तर म्हणलं खरवडू.

*

छत्री आत आली. वैशाली तिचं नाव. गाव शिरूर, कॉलेज दौंडला, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. दौंडहून शटलनं खुटबावला उतरायची. तिला सहा आठवडे आमच्याकडं काम शिकायचं होतं, एक प्रोजेक्ट करायचं होतं आणि साहेबांच्या सहीचं सर्टिफिकेट न्यायचं होतं. ते नसलं तर कॉलेज निकालच देत नव्हतं.

साहेब म्हणजे देशमाने साहेब, आमचे केमिस्ट. ते अजून यायचे होते. मी त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या पंख्याखाली बसलो होतो. त्यांचा धुतलेला एप्रन लवकर वाळावा म्हणून अंगातच घातला होता.

"गुड मॉर्निंग सर!" पोरगी म्हणाली.

जन्मात मला कुणी सर म्हणलं नव्हतं. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, मेंढरांमागं सगळं लहानपण गेलं. उठून 'सर मी न्हवं' म्हणायला हवं होतं. पण पंखा चांगला लागत होता.

तिनं कॉलेजचं पत्र पुढं केलं. साहेब कागद कसा बघतात ते मी रोज बघायचो. तसंच केलं. कपाळाला आठ्या घातल्या, मान डोलावली, पाठीमागची बाजूपण बघितली.

"बरं लिहिलंय," म्हणलं.

पोरगी हळूच म्हणाली, "सर, पाकीट फोडायचंय अजून."

तेवढ्यात साहेबांची स्कूटर वाजली आणि सर एप्रनसकट मोरीकडं पळाले!

*

मला वाचता येत नाही हे लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. बाटल्या मी जागेवरून ओळखायचो. वरच्या फळीवर डावीकडून तिसरी, खालच्या फळीवर खिडकीकडून दुसरी. साहेबांनी नाव घेतलं की हात बरोबर तिथं जायचा. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या मामांना अख्खी लॅब पाठ आहे."

दुसऱ्याच दिवशी पोरीनं हौसेनं रॅक लावला. पुसून, झटकून, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं.

साहेबांनी दुधाचा आंबटपणा तपासायला घेतला. त्यात इंडिकेटरचे दोन थेंब टाकायचे, वरून नळीतनं कॉस्टिक सोडा सोडायचा, आणि दूध गुलाबी झालं की थांबायचं. मी इंडिकेटर दिला. डावीकडून तिसरी बाटली. साहेब सोडतायत, सोडतायत, नळी रिकामी झाली. दूध आपलं पांढरंच.

"असं दूध मी आयुष्यात बघितलं नाही," साहेब म्हणाले.

मी म्हणलं, "टँकर लांबून आलाय साहेब. दमलं असंल."

पोरीनं बाटली उचलून लेबल वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. तिथंच बोलली असती तर माझी बावीस वर्षं मोरीत गेली असती. पण ती म्हणाली, "सर, माझंच चुकलं. मी रॅक हलवला."

संध्याकाळी तिनं प्रत्येक बाटलीवर मराठीत चिठ्ठी डकवली आणि मला म्हणाली, "मामा, रोज एक बाटली वाचायची."

मी अक्षरं शिकलो ती अशी. लोक ग म भ न गिरवतात, मी पहिलं अक्षर ॲसिडाचं गिरवलं!

*

एवढं झालं म्हणून मी गप्प बसलो का? न्हाई. आमची पिढ्यान् पिढ्यांची जीभ दुधावर वाढलेली. मी तिला म्हणलं, "तुमचं मशिन राहू द्या बाजूला. नुसत्या चवीवर मी गाव सांगतो."

"सांगा," म्हणाली आणि चार पेल्यांत दूध ठेवलं.

मी पहिला घोट घेतला. डोळे मिटले. "हे राहू गावचं. उसाचं वाडं खाणारी म्हस हाय." दुसरा घेतला. "हे शिक्रापूरकडचं, धुरळा लागतोय." तिसऱ्यात मला मेथीघास लागला. चौथ्याला मी म्हणलं, "ही गाय जरा चिडकी हाय."

साहेब, टँकरचा ड्रायव्हर, दोन पॅकिंगवाले, सगळे तोंडाकडं बघत राहिलेले. पोरगी म्हणाली, "मामा, चारही पेले एकाच कॅनमधून भरलेत."

ड्रायव्हर त्या दिवसापासून मला हाक मारायचा, "काय मामा, गाय निवळली का?"

*

मग प्रोजेक्ट सुरू झालं. पोरीनं एकाच दिवशी तीस कप दही लावलं आणि लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवलं. रोज दोन कप काढायचे, आंबटपणा तपासायचा, वहीत लिहायचं. असे पंधरा दिवस. दही किती दिवस चांगलं राहतं, ते त्यातून निघणार होतं.

आठव्या दिवशी ती कॉलेजात वही दाखवायला गेली. दुपारी येणार होती. मी फ्रीज पुसायला काढला. बघतो तर आत सोळा कप दही, आठवड्याचं शिळं. आमच्यात दही टाकत नाहीत. मला वाटलं, चौदा कपांचं काम झालं, उरलेलं ठेवलंय बिचारीनं पडून.

पॅकिंगमधनं मोठी किटली आणली, घरून रवी आणली. मीठ, जिरं, आल्याचा तुकडा. असं ताक झालं म्हणता! ड्रायव्हर दोन ग्लास प्याला. साहेब तीन प्याले आणि म्हणाले, "मामा, बावीस वर्षांत तुम्ही केलेलं हे सगळ्यात चांगलं काम."

पोरगी उन्हातनं आली. तिच्यासाठी एक ग्लास झाकून ठेवला होता. उभ्या उभ्या प्याली, ओठ पुसले, म्हणाली, "वा मामा!" आणि फ्रीज उघडायला गेली.

कप मी धुऊन ओळीनं पालथे घातले होते. चकाचक.

ती स्टुलावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. रिकाम्या ग्लासाकडं बघत म्हणाली, "मामा, तो माझा पुढचा आठवडा होता."

साहेबांना ढेकर येत होता, तो त्यांनी दाबला.

*

तिचे बारा दिवस राहिले होते. साहेब म्हणाले, "बाराच दिवसांचं कर, पण पहिल्यापासून. आकडे चोख पाहिजेत, नाहीतर मी सही करणार नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि दही या फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. या फ्रीजला मामा आहेत."

मला काय वाटलं असेल सांगा. पोरीनं माझी अब्रू झाकली होती आणि मी तिचं वर्ष घुसळून बसलो होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी शेजारच्या दारात जाऊन उभा राहिलो.

आमच्या शेजारी शेवंतावहिनी. गल्लीत फ्रीज तेवढा त्यांचा. लेक शिक्रापूरला कंपनीत लागला, त्यानं आणलेला. फ्रीजला कुलूप होतं आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. सख्ख्या जावेला त्यांनी बर्फाचा खडा दिला नव्हता.

मी सगळं सांगितलं. रवीसुद्धा.

वहिनींनी कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाल्या, "पोरीला आणा. पण तुमी उंबऱ्याच्या भाईर."

पोरीनं चोवीस आणि वर दोन जादा कप आत लावले, एक थर्मामीटर टांगला आणि समजावलं, "काकू, पारा चारच्या आसपास राहिला पाहिजे. आणि दिवसातनं तीनदाच दार उघडायचं. सकाळी मी येईन, दुपारी आणि संध्याकाळी तुम्ही नुसतं बघायचं."

"म्हंजी लेकराचा ताप बघत्यात तसंच की," वहिनी म्हणाल्या.

बारा दिवस त्या घरात कुणी गार पाणी प्यालं नाही. लेक कामावरनं यायचा, फ्रीजकडं बघायचा आणि माठातलं प्यायचा.

*

आता शेवटचं. बाराव्या दिवशी साहेबांनी वही तपासली आणि नवव्या दिवसावर बोट ठेवलं. आंबटपणा तिथं एकदम उडी मारून वर गेला होता.

"दही असं उडी मारत नाही," साहेब म्हणाले. "एकतर तू आकडा बनवलास, नाहीतर मामांनी हात घातला."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. "सर, जो आला तोच लिहिलाय. का आला, मला माहीत नाही."

"मग सही कशावर करू?"

मी म्हणलं, "साहेब, फ्रीज तरी बघा."

भर दुपारी स्कूटरवर साहेब, मागं मी, आणि पोरगी चालत. आम्ही आधी पोचलो. वहिनी फ्रीजला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"उघडा जरा," साहेब म्हणाले.

"न्हाई. दुपारची खेप झाली. आता एकदम संध्याकाळी."

"अहो बाई, मी तिचा साहेब आहे!"

"असाल डेअरीत. पोरगी म्हणाली तीनदा, म्हंजी तीनदा."

साहेब घामानं भिजलेले. म्हणाले, "बरं, निदान गार पाणी तरी द्या."

"त्यालाबी दारच उघडावं लागतंय की."

साहेब बाजेवर बसले. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष भिंतीवर गेलं. फ्रीजच्या बाजूला खडूच्या रेघा होत्या. दिवसाला तीन घोळके. चार रेघा, चार, पाच, चार. रांगेनं बारा दिवस. आठव्या दिवशी दुपारी एकदम अकरा रेघा.

"हे काय?"

"ताप," वहिनी म्हणाल्या. "त्या दिशी सकाळपासनं लाइट न्हवती. दोन गोधड्या गुंडाळल्या मी, पर चढलाच. सांजच्याला लाइट आली तवा उतरला."

दारात पोरगी येऊन उभी होती. "काकू, मला का नाही सांगितलं?"

"तू दुसऱ्या दिशी सकाळी आलीस तवा चार हुता. उतरलेल्या तापाचं काय सांगायचं? उगं जिवाला घोर."

साहेब उठले. बोटानं एकेक रेघ मोजली. वही उघडली, नवव्या दिवसाचा आकडा बघितला, परत भिंत बघितली. मग पोरीला म्हणाले, "ही भिंत वहीत उतरवून घे. सगळी." आणि खिशातनं पेन काढून तिथंच, बाजेवर वही ठेवून, सही केली.

पोरगी वहिनींच्या गळ्यात पडली. वहिनींनी कमरेची किल्ली काढली, फ्रीज उघडला, उरलेले दोन कप तिच्या हातात दिले. बारा दिवसांनी पहिल्यांदा पाण्याची बाटली बाहेर आली. एक तांब्या साहेबांना, एक पोरीला. मीपण उन्हात आलो होतो, घसा कोरडा पडलेला. सगळं गोड झालंय असं बघून हळूच एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि म्हणलं, "वहिनी, मलाबी द्या की घोटभर."

वहिनींनी फ्रीजचं दार लावलं, किल्ली फिरवली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "भावजी, तुमचा माठ अंगणात हाय!"