लाल फुलीचा नंबर

आमच्या ह्यांनी पोस्टाच्या खिडकीत बत्तीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत एकालाही मधे घुसू दिलं नाही. साहेबांचा मेव्हणा असो नाहीतर आमची शेजारीण, "रांगेतून या" हे ठरलेलं. लोक ह्यांना रांगवाले काका म्हणायचे. मला सातवा महिना होता तेव्हा एक पाकीट रजिस्टर करायला गेले होते. वाटलं, नवरा आहे, हात पुढे करून घेईल. कसलं काय! काचेतून माझ्याकडे बघून हसले आणि मान खाली घालून पुन्हा शिक्के मारायला लागले. चाळीस मिनिटं उभी होते मी. ते अजून विसरलेले नाही, आणि ह्यांनाही विसरू देत नाही.

परवा सकाळी अकराच्या सुमाराला बूट घालता घालता हे खालीच बसले. छातीत भरून आलंय म्हणाले. शर्ट घामाने ओलाचिंब. शेजाऱ्यांच्या गाडीतून तसंच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. दाराशी एक सिस्टर प्रत्येकाला बघून नंबराची चिठ्ठी देत होती.

"किती दुखतंय?" तिने विचारलं.

"फार नाही. ॲसिडिटी असेल."

आता ह्या माणसाला काय म्हणावं? पण सिस्टर हुशार होती. तिने ह्यांचा घाम बघितला, नऊ नंबरच्या चिठ्ठीवर लाल पेनाने फुली मारली आणि म्हणाली, "आतला पलंग रिकामा होतोय. दोन मिनिटांत हाक मारते."

मी नाव नोंदवायला काउंटरवर गेले. तिथे एक गृहस्थ दोन तास झाले म्हणून टेबल बडवत होते. त्यांचा आवाज ऐकून मला तरी त्यांची तब्येत ठणठणीत वाटली. परत येऊन बघते तर ह्यांच्या हातात एकतीस नंबर.

"नऊ कुठे गेला?"

"त्या सुताराला दिला, त्याचा मी घेतला. अंगठा कापलाय बिचाऱ्याचा, फडकं भिजलंय रक्ताने. माझं काय, मी बसलोय निवांत."

माझं डोकंच फिरलं. "मोठे दानशूर आहात," म्हटलं, "जरा आरशात बघा, ओठ पांढरे पडलेत." जन्मभर दुसऱ्यांच्या रांगा सांभाळल्या, आता माझा माणूस रांगेतच जातो की काय, ह्या भीतीने मी सिस्टरला शोधायला वळले.

तेवढ्यात नऊ नंबर पुकारला गेला आणि सुतार उठून आत गेला. लगेच सिस्टर ती चिठ्ठी हातात घेऊन बाहेर आली. "हे नव्हेत. घामाने भिजलेले काका कुठे आहेत?" तिच्यामागून सुतारानेच ह्यांच्याकडे हात दाखवला. घाबरून त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"सिस्टर, माझा एकतिसावा आहे," हे म्हणतात.

"काका, इथे आधी आलेला आधी जात नाही. ज्याच्या जिवाला जास्त धोका, तो आधी. असा नियम आहे."

"नियम आहे होय?" म्हणाले, आणि निमूटपणे चाकाच्या खुर्चीत बसले.

हृदयाची एक नळी बंद झाली होती, ती दुपारपर्यंत उघडली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास बाहेर बसले असते तर अवघड होतं, पण आता धोका टळलाय. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. हसू येतंय की रडू, माझं मलाच कळेना.

संध्याकाळी भेटायची वेळ झाली. आत एका वेळी एकालाच सोडत होते, म्हणून दाराशी नातेवाइकांची रांग लागली. मी सहावी. दाराच्या काचेतून ह्यांचा पलंग दिसत होता. ह्यांनी मला बघितलं आणि सिस्टरला खुणेने जवळ बोलावलं. दार थोडं किलकिलं होतं. आवाज बारीक होता, तरी मला ऐकू आला.

"बाहेर रांग आहे, मला माहीत आहे," म्हणाले. "पण माझ्या बायकोला आधी सोडा. ती फार वेळ उभी आहे."

पुढचे पाचही जण बाजूला झाले.