तिसऱ्या चाकाची खरखर

कोणतंही फिरणारं यंत्र तपासताना अण्णा आधी डोळे मिटायचे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला, मूठ कानामागच्या हाडाला, आणि तसेच उभे. सोलापूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते वर्कशॉपचे फोरमन होते. जवळच्या कुंभारी गावाहून यायचे. "बेअरिंग खोटं बोलत न्हाय, पोरी," म्हणायचे.

आम्ही विद्यार्थी तेव्हा एक छोटा उपग्रह बांधत होतो. त्यात लहानशी दुर्बीण होती आणि ती ताऱ्यावर रोखून धरायला फिरती तीन चाकं. तिसऱ्या चाकाला कान लावून अण्णा म्हणाले, "खरखर हाय. वर गेल्यावर ह्ये अडकणार." चाचणीचे आकडेही तेच सांगत होते. पण नवं चाक यायला आठ महिने लागणार होते आणि रॉकेटमधली जागा पुन्हा मिळणार नव्हती.

अण्णांनी 'चालतंय की' हे शब्द वर्कशॉपमध्ये कुणाला उच्चारू दिले नव्हते. केसभर चुकलेला माझा एक ब्रॅकेट त्यांनी न बोलता भंगारात टाकला होता. शेवटच्या तपासणीच्या कागदावर ते सही करणार नाहीत, असंच मला वाटलं. प्रकल्पाचे प्रमुख सर घड्याळ बघत होते. अण्णा माझ्याकडे वळले. "तू काय म्हनतीस?"

चार वर्षं मी त्या दुर्बिणीवर घालवली होती. "उडू द्या, अण्णा."

त्यांनी सही केली.

पहिलं चित्र आलं तेव्हा आम्ही सात रस्ता चौकात पेढे वाटले. अण्णांनी पेढा घेतला नाही. रोज सकाळी फक्त विचारायचे, "फिरतंय का अजून?" सव्विसाव्या दिवशी चाक अडकलं. उपग्रह गरगरू लागला आणि ताऱ्यांच्या नुसत्या पांढऱ्या रेघा येऊ लागल्या.

चौकशीत विचारलं गेलं, हे पास कुणी केलं? सर कागद चाळत राहिले. मला त्या सव्वीस दिवसांच्या चित्रांवर परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. मीही गप्प बसले. "सही माझी हाय," अण्णा म्हणाले. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांच्याकडून वर्कशॉपच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं.

गेल्या वर्षी मी कुंभारीला गेले. अण्णा ओसरीवर बसले होते, फार वाळले होते. "अण्णा, तेव्हा मी बोलायला हवं होतं," मी म्हणाले. ते समजूत घालतील, असं वाटलं होतं.

"व्हय," ते म्हणाले. "बोलायला पायजे हुतंस."

मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा पिऊन मी निघाले. पंधरा दिवसांनी सुनेचा फोन आला, अण्णा गेले म्हणून.