यादगिरीअण्णांचे स्पीकर

यादगिरीअण्णा घरात आले की नमस्काराआधी पडद्याला हात लावायचे. अंगठा आणि दोन बोटांमध्ये कापड चोळायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि विचारायचे, "कितीला पडलं, टीचर?" मी किंमत सांगितली की मान हलायची. "घाई केली तुमी. जरा थांबला असता तर उतरलं असतं की." हे फक्त पडद्याबद्दल नव्हतं. माझा मिक्सर, माझा चष्मा, एकदा तर दारावरून घेतलेलं कलिंगडसुद्धा मी घाईनेच घेतलेलं ठरलं.

तुम्ही दोघं नातवंडं लहान असताना परदेशातून इथे आला होतात, तेव्हा समोरच्या घरातून कुणीतरी भांडतंय असं तुम्हाला वाटलं होतं. ते भांडण नव्हतं, अण्णा चहा मागत होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना होता. जन्मभर यंत्रमागांच्या खडखडाटात बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमतच नसे. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि दोन्हींचा आवाज सारखाच.

त्यांचं खरं कसब विणण्यात नव्हतं, थांबण्यात होतं. सुताचा भाव चढला की बाकीचे कारखानदार घाबरून खरेदी करत. अण्णा मात्र गोदामात असेल त्या सुतावर माग चालवत राहायचे आणि भाव पडला की उचलायचे. ते घर, तो कारखाना, मुलीचं शिक्षण, सगळं त्या थांबण्यातून उभं राहिलं होतं. त्यामुळे थांबून कधी नुकसान होतं, हे त्यांना कुणी पटवूही शकलं नसतं.

त्यांची बायको पद्माक्का सिनेमावेडी. लग्नाआधी ती कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची, आणि त्या कमाईतून शुक्रवारचं तिकीट काढायची. लग्नानंतर अण्णा तिला दर आठवड्याला न्यायचे. मग तिचे गुडघे गेले. थिएटरच्या पायऱ्या चढवेनात. शेवटच्या वेळी ती अर्ध्या जिन्यावरच बसली आणि म्हणाली, "तुमी बघून या. मी हितंच ऐकते." अण्णा तिला घेऊन परत आले. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर तिला शब्द दिला, "थेटरच घरी आणतो तुला."

आणि निम्मं आणलंही. ओळखीचे एक डॉक्टर गाव सोडून जात होते, त्यांचे स्पीकर अण्णांनी घेतले. दोन उंच, माझ्या खांद्याला लागतील एवढे, एक आडवा, दोन लहान. लाकूड असं की अण्णांनी त्यावरूनही बोट फिरवलं. पण स्पीकर स्वतःहून बोलत नाहीत. त्यांना ताकद देणारा आणि कुठला आवाज कुठून यायचा ते ठरवणारा एक डबा लागतो, त्याला रिसीव्हर म्हणतात. डॉक्टरांचा रिसीव्हर जळला होता. नवा घ्यायचा होता, बेताच्या किमतीचा, पण या स्पीकरांना शोभणारा.

इथून आमचे रविवार सुरू झाले. अण्णा मोबाइलवर इंग्रजी माहिती काढून आणायचे, मी वाचून अर्थ सांगायची. आम्ही दोघंही त्यात पार अडाणी होतो, पण हळूहळू शिकलो. डॉक्टरांचे स्पीकर जास्त वीज ओढणारे होते, स्वस्त डबा त्यांच्यापुढे तापून बंद पडला असता. जाहिरातीतले वॅट बहुतेक वेळा दोनच स्पीकर लावून मोजलेले असत. पाचही लावले की ताकद कमी होई.

"म्हंजे चादरीचं वजन ओली करून सांगतात," अण्णा म्हणाले.

"तसंच म्हणा."

"मग हा नको. फुडचा वाचा."

पुढचा वाचला की तो ताकदीचा, पण महाग. त्याच्या पुढचा बेताचा, पण त्याचं नवं मॉडेल येणार होतं. नवं आलं की जुनं उतरणार. मग उतरेपर्यंत थांबायचं. पद्माक्का चहा घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "काय ओ टीचरबाई, पोरगी पसंत पडली का यांना?"

"आगु," अण्णा म्हणायचे. तेलुगूत आगु म्हणजे थांब.

"आगु, आगु. तुमी बोहल्यावर सुदिक आगु म्हणला असता, माझ्या बापानं ढकललं म्हणून बरं."

तोवर स्पीकर त्यांच्या दिवाणखान्यात उभे होते. कापसाची धूळ बसू नये म्हणून अण्णांनी त्यांच्यावर सोलापुरी चादरी घातल्या होत्या. त्यातल्या एका उंच स्पीकरला टेकवून पद्माक्का आपला मोबाइल ठेवायची आणि तेलुगू सिनेमे बघायची. पडदा तळहाताएवढा, आवाज डब्यात माशी अडकल्यासारखा. मी सोबत बसले की ती पुढची सगळी गोष्ट आधीच सांगून टाकायची. "हा भाऊ न्हाय हां त्याचा. शेवटी कळतंय." मी एकदा म्हटलं, "अक्का, मग मी बघू कशाला?" ती म्हणाली, "रडायला. कशासाठी रडायचं ते ठाऊक असलं की बरं पडतंय."

शेवटी एक रिसीव्हर खरोखरच पसंत पडला. नवी पेठेतल्या दुकानदाराने तो मागवून ठेवला. अण्णांनी दुकानात जाऊन त्याचं झाकण हाताने चाचपलं, तासभर चालू ठेवायला लावला आणि कितपत तापतो ते पाहिलं. घ्यायचाच तो. पण दिवाळी जवळ आली होती. दुकानदारच बोलता बोलता म्हणाला, सणानंतर कंपनी भाव कमी करेल. झालं. अण्णा रिकाम्या हाताने परत आले, आणि खुशीत होते.

पद्माक्काने मला विचारलं, "दिवाळीला नव्हं?"

"दिवाळीनंतर म्हणतात."

मोबाइल स्पीकरवरून खाली पडत होता, तो तिने नीट टेकवला.

भाव उतरला. अण्णांचा अंदाज तिथेही चुकला नाही. पण त्याआधीच पद्माक्का गेली. सकाळी छातीत दुखतं म्हणाली, आणि हॉस्पिटलमधून घरी आलीच नाही.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी समोर एक टेम्पो उभा राहिला. रिसीव्हरचा खोका उतरला, सोबत एक मोठा टीव्ही. अण्णांनी मला बोलावलं. दुपारची वेळ होती. दुकानातल्या माणसाने तारा जोडल्या, चादरी काढल्या आणि अक्काचा आवडता सिनेमा लावून तो गेला. मी असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. पाऊस पडद्यावर होता आणि माझ्या मागच्या भिंतीवर वाजत होता. नायिका कुजबुजली तर तिचा श्वास कळत होता. अण्णा ताठ बसून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी तो बंद केला.

"आवाज लई चांगला हाय, टीचर," ते म्हणाले. त्या दिवशी ते हळू बोलले. मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "एकेक शबुद कळतोय. ती असती तर एक शबुद ऐकू दिला नसता तिनं."

त्यानंतर तो रिसीव्हर मी वाजताना ऐकला नाही. चादरी परत चढल्या. संध्याकाळी समोरून माशीसारखा बारीक आवाज यायचा. अण्णा तिच्या मोबाइलवर, तिच्यासारखाच स्पीकरला टेकवून, तिचे सिनेमे बघत असायचे.

गेल्या महिन्यात कारखाना पुतण्याला देऊन अण्णा हैदराबादला मुलीकडे राहायला गेले. निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आले. पडद्याला हात लावला नाही. तुमच्यासाठी दोन टॉवेल आणले होते, त्यांच्या मागावरचे शेवटचे. "पोस्टानं नका पाठवू," म्हणाले. "हातानं द्या."

मी त्यांना तेच सांगितलं जे तुम्हाला दर फोनवर सांगते: विमानाची तिकिटं सध्या फार चढली आहेत, थोडी उतरली की निघेन. हे वाक्य मी त्यांच्याकडूनच शिकले होते, बहुधा.

अण्णा बराच वेळ टॉवेलची घडी सारखी करत राहिले. "काढून टाका, टीचर," म्हणाले. "थांबू नका."

मी तिकीट काढलं. संध्याकाळी अण्णांना हैदराबादला फोन करून सांगितलं. त्यांनी तारीख विचारली, विमान कुठे बदलायचं ते विचारलं, तुम्ही दोघं घ्यायला येणार का तेही विचारलं. कितीला पडलं, हे विचारलं नाही.