जोसेफच्या खुर्चीत आप्पा

“वाजवा! अहो, वाजवा ना तो काटा!”

दुकानवाली बाई हॉलच्या मधोमध उभी राहून ओरडत होती. ओरडणं इंग्रजीत, शिव्या इटालियनमध्ये, आणि हातवारे कुठल्या भाषेत ते तिच्या देवालाच ठाऊक. समोरच्या लांबलचक टेबलाच्या टोकाला, कागदी फुलं गुंडाळलेली काठी धरून माझे वडील बसले होते. सांगलीकडच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, जन्मात अंड्याला न शिवलेले आप्पा त्या मार्चमधल्या दुपारी बेडफर्डच्या चर्चच्या हॉलमध्ये संत जोसेफ झाले होते. आणि संत जोसेफ काटा वाजवायला तयार नव्हते.

जोसेफने ताटावर काटा वाजवून पहिला घास घेतल्याशिवाय हॉलमधल्या कुणी पावाचा तुकडाही तोंडात घालायचा नाही, असा त्यांचा नियम. भिंतीला टेकून निम्मा दक्षिण इटली उभा होता. बायको म्हणते साठेक माणसं असतील, पण तिला गर्दी मोजायची सवय नाही. पोटांची गुरगुर अशी चालली होती, की बाहेर बस आली असं वाटून दोघंतिघं दारापर्यंत जाऊन आले.

या मंडळींची आमची गाठ पडली ती आदल्या उन्हाळ्यात. एका रविवारी मी स्टॉपवर बसची वाट पाहत होतो. बस आली नाही, मेरी आली. बारा खांद्यांवर तिची मूर्ती, मागे बँड, त्यामागे काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या, आणि पुढे वाहतूक अडवणारा एक लाजलेला इंग्रज पोलीस. माझे पाय गणपतीमागे चालून वाढलेले; ते मला न विचारता निघाले. युद्धानंतर इथल्या विटांच्या भट्ट्यांवर काम करायला आपापली गावं सोडून आलेले हे लोक. मिरवणूक विस्कटली तिथे, एका बोळात, या बाईचं दुकान होतं. पाटी नाही, काही नाही. इंग्रज लोक ते बंद आहे असं समजून वर्षानुवर्षं समोरून जात होते.

आत छताला दुधी भोपळ्यांसारखी चीज टांगलेली. वाळवलेला मासा इतका कडक, की त्यावर शर्टाला इस्त्री करून घ्यावी. खाऱ्या पाण्यात पिवळे टपोरे दाणे, सालातून बोटांनी दाबून काढायचे, अगदी बिरड्याच्या वालांसारखे. मी त्या दिवशी जो आत शिरलो, तो बायकोच्या मते अजून बाहेर आलेलो नाही.

त्याच हिवाळ्यात आई गेली. मी आप्पांना इकडे घेऊन आलो. शेवटचं वर्षभर आईला ते स्वतःच्या हाताने भरवत होते. आता स्वतः दोन घास घेऊन उठायचे. बायकोने पिठलं केलं, थालीपीठ लावलं. “छान झालंय गं,” म्हणायचे आणि ताट सरकवायचे. शेवटी मी त्यांना बाईकडे नेलं. तिच्या स्वतःच्या जेवणाचं पातेलं काउंटरमागे होतं. काही न विचारता तिने वाडगा भरून पुढे ठेवला. पिठाच्या पट्ट्या हरभऱ्यांबरोबर शिजवलेल्या, वर थोड्या तळून टाकलेल्या.

आप्पांनी चमचाभर घेतलं. “अरे, ह्या चकोल्या! डाळीऐवजी हरभरे घातलेत, एवढंच.”

वाडगा चाटूनपुसून रिकामा झाला. मी दुकानात नाचलो असतो, पण वर मासे टांगलेले होते.

मग ते रोज जाऊ लागले. काउंटरपाशी खुर्ची टाकून तिचे हरभरे निवडून द्यायचे. ती इटालियनमध्ये बोले, हे कारखान्याच्या पत्रव्यवहारातल्या इंग्रजीत उत्तर देत, आणि दोघांचं उत्तम चालायचं. अधूनमधून छतातून खोकल्याचा आवाज येई. वर तिचा नवरा होता. भट्टीवरच्या धुळीने त्याची छाती संपवली होती. हॉस्पिटलने त्याला घरी पाठवलं होतं.

बाईने नवस केला होता. पुढच्या वर्षी नवरा स्वतःच्या पायांवर टेबल मांडायला उभा राहू दे. आपल्याकडे नवसाला मेहुण जेवायला घालतात, तसं त्यांच्या गावी मार्चमध्ये जोसेफच्या दिवशी तीन परक्या माणसांना जोसेफ, मेरी आणि येशू मानून जेवू घालतात. बाईला आमच्याहून परकं कोण मिळणार? पंजाबी शेजारी होते, पण ते आता गावातलेच झालेले. आप्पा जोसेफ, निळी शाल पांघरून बायको मेरी. आमच्या घरात मूल म्हणजे मुलगी एवढीच. मुलगी येशू म्हणून चालेल का, असं मी विचारलं, तर बाई म्हणाली, “केस मागे बांध.”

एकच गोष्ट तिने मला पुन्हा पुन्हा बजावली. जेवण संपेपर्यंत जोसेफने खुर्ची सोडायची नाही. सोडली, तर नवस देवाने नाकारला.

मी आप्पांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आणि आता ते काटा हातात घेऊन रेडिएटरकडे बघत बसले होते. तिथे चाकांच्या खुर्चीत, दोन ब्लँकेटांत गुंडाळलेला बाईचा नवरा होता. आप्पा त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होते.

मी मागून वाकलो. “आप्पा, वाजवा की. लोक ताटकळलेत.”

“त्यांचं पान कुठंय?”

“ते आजारी आहेत. खात नाहीत काही.”

“विचारलं का कुणी?”

“आप्पा, आधी तुम्ही जेवायचं, मग बाकीच्यांनी. रीतच आहे ती.”

“आजारी माणूस समोर उपाशी बसलाय नि मी गिळू? ही कुठली रीत?”

मी बाईकडे धावलो. आधी नवऱ्याला एक घास दिला तर?

“जोसेफच्या आधी? वेड लागलंय का? त्याच्यासाठीच तर आहे हे सगळं!”

मी परत आप्पांकडे. तिकडून पुन्हा बाईकडे. हॉलच्या फरशीवर माझ्या बुटांची वाट पडली असेल. टेबलावर फुलकोबीची भजी मऊ पडत चालली होती. बायको दात आवळून बोलली, “अहो, तुमच्या वडिलांना सांगा ना काहीतरी.” येशूने टेबलावर डोकं टेकवलं आणि आपल्या बेडफर्डी मराठीत कळवलं, “आजोबा, मला भूक लागला.”

बाई किंचाळली, “वाजवा!”

आप्पांनी काटा खाली ठेवला. हरभऱ्याचा वाडगा उचलला आणि खुर्चीवरून उठले.

एरवी अशा जागी मी पदरचं थोडं घालतो. इथे काही घालत नाही. म्हाताऱ्या बायकांनी हात तोंडावर नेले. आप्पा चालत रेडिएटरपाशी गेले, स्टूल ओढून बसले, बोटांनी हरभरे कुस्करले आणि हात त्या माणसाच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड उघडलं. आप्पा थांबले, तो गिळेपर्यंत वाट पाहिली, दुसरा घास केला. हनुवटीवरचं ओघळलेलं आपल्या रुमालाने पुसलं. हे सगळं त्यांच्या हाताला इतकं पाठ होतं, की मला बघवेना.

वाडगा रिकामा नाही झाला. मग ते परत आले, बसले, काटा वाजवला आणि जेवले. सगळे जेवले. म्हाताऱ्यांची नजर मात्र शेवटच्या घासापर्यंत जोसेफच्या खुर्चीवरून हलली नाही.

ईस्टरच्या आधी तिचा नवरा गेला.

बोळात कुजबूज होती. जोसेफ उठला, म्हणून. आप्पांना इटालियन येत नव्हतं, पण दोन म्हाताऱ्यांनी त्यांना पाहून रस्ता ओलांडला. तेवढं त्यांना कळलं. त्यांनी दुकानात जाणं सोडलं. जेवण पुन्हा दोन घासांवर आलं. मे महिन्यात परतीचं विमान होतं. बॅग भरताना म्हणाले, “तिला एकदा विचारून ये. माझ्यामुळं झालं का ते.”

“काहीतरीच काय, आप्पा!”

“तू विचारून ये.”

मी गेलो. बाई काळ्या कपड्यांत, सुरीने चीज कापत होती. मी गरज नसताना पावशेर घेतलं, हवापाण्याच्या गप्पा केल्या. माझ्यासारख्या बडबड्याला एक साधं वाक्य जमेना. शेवटी म्हणालो, “वडील परत चाललेत. ते विचारतात, त्या दिवशी ते खुर्चीवरून उठले, म्हणून तर तुझा नवस...”

तिने चीज कागदात गुंडाळलं, दोऱ्याला गाठ मारली.

“डॉक्टरांनी त्याला फेब्रुवारीपर्यंतचीच मुदत दिली होती,” ती म्हणाली.