मोठ्या फादरांच्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे—थांबा, हेही पूर्ण खरं नाही. एकदा दुसऱ्या एका धर्मगुरूंपुढं गुडघे टेकून मी म्हणालो होतो, "माझ्यामुळं एका व्यक्तीच्या नावाला बट्टा लागला." एवढंच. कोण, कसा, कशासाठी—काही नाही. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. पापक्षमा मिळाली. बाहेर आलो तेव्हा कळलं, सांगायचं होतं ते तसंच आत राहिलंय.

आणि दुसऱ्यांची पापं ऐकणं हे तर माझं रोजचं काम. लोक अडखळतात, भलतीकडून सुरुवात करतात, मुद्द्यापाशी आले की खोकतात. मी मनात म्हणतो, अरे, सांगून टाक ना. आता बघा—मीसुद्धा तेच करतोय.

अंबरनाथच्या चर्चचा मी सहा वर्षं पॅरिश प्रीस्ट, म्हणजे मुख्य धर्मगुरू होतो. सकाळी साडेसहाची मिस्सा, मग ऑफिस—बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचे कागद, गल्फला निघालेल्यांची शिफारसपत्रं. संध्याकाळी आजाऱ्यांच्या घरी जाऊन कम्युनियनचा पवित्र प्रसाद द्यायचा. बदलापूरच्या नव्या टॉवरांत दर आठवड्याला कुणाच्या तरी घराला आशीर्वाद द्यायचा—अकरावा मजला, लिफ्ट अजून सुरू नाही, आणि मागून मालक म्हणतोय, "सावकाश फादर, सावकाश." मल्याळी, तमिळ, गोव्याचे, नगरकडचे—सगळ्या तऱ्हेचे लोक. मी त्यांना आवडायचो. खूप आवडायचो. हे का सांगतोय? कारण ते आवडणं जपायला मी काय केलं, तेच तर सांगायचंय.

फादरांच्या घरात तेव्हा मी आणि फादर सायमन. त्यांना सगळे मोठे फादर म्हणायचे. ते चर्च त्यांनीच उभं केलेलं. निवृत्तीनंतर अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. डोकं मात्र लख्ख. तळमजल्यावर ऑफिसशेजारची खोली त्यांची. आणि त्यांचं सगळं करायला दिवसभर सुनंदाबाई. आमचा स्वयंपाकही त्याच करायच्या. चर्चच्या मागच्या चाळीत राहायच्या, विधवा, पन्नाशीच्या. घर बौद्धांचं, येशूशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण मिस्सा कधी आणि कुठल्या भाषेत, हे माझ्याआधी त्यांना ठाऊक असायचं. मोठ्या फादरांच्या गोळ्यांची एक डबी होती, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली. ती त्या भरायच्या. सातवी शिकलेल्या होत्या, प्रत्येक पाकिटावरचं नाव बोट ठेवून वाचायच्या. मोठे फादर गंमत करायचे, "सुनंदा, बायबलपण एवढं लक्ष देऊन कुणी वाचत नाही गं."

तर तो दिवस.

दुपारचे तीन वाजले असतील. एमआयडीसीतल्या वासांची आम्हाला सवय. कधी सडक्या अंड्यांचा, कधी रंगाचा. नाकावर रुमाल धरायचा, काम चालू ठेवायचं. पण त्या दिवशी वास आला तो डोळ्यांतच घुसला. घसा आवळल्यासारखा झाला. बाहेर पाहतो तर गल्लीत पांढुरकं धुकं, आणि लोक पळतायत—तोंडाला ओढण्या, शर्टाच्या बाह्या, कुणाच्या पायात चप्पल नाही. कुणीतरी हिंदीत ओरडत होतं, "गैस लीक हुआ है, भागो, स्टेशन की तरफ भागो!"

मी टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या.

नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी अँब्युलन्स आणायला निघालो होतो. खोटं आहे. फोन खिशातच होता. मला पळायचं होतं. माझ्या अंगात दुसरं काहीही नव्हतं—ना देव, ना दया, ना मोठे फादर. फक्त पाय.

अंगणात गाडीपाशी पोचलो आणि सुनंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पदर तोंडावर. त्या ओरडल्या, "फादर, इकडं या! मोठ्या फादरांची खुर्ची धरायला या, मला एकटीला उचलत नाय!"

मी ऐकलं. चांगलं ऐकलं. आमची नजरानजर झाली. मग मी गाडीत बसलो, काचा वर केल्या आणि निघालो.

बदलापूरला पोचलो. स्टेशनबाहेर एका टपरीवर चहा घेतला. तिथं काहीच झालेलं नव्हतं—भाजीवाल्या बसलेल्या, रिक्षावाले कर्जतकडच्या गाडीची वाट पाहत होते. एक ओळखीच्या बाई भेटल्या, म्हणाल्या, "फादर, आज इकडं?" मी हसलो. हसलो, विश्वास ठेवा. आणि आत एकच चालू—ती दोघं मेली असतील. आणि त्याबरोबरच असंही की, ती मेली असतील तर मला कुणी पाहिलेलं नसेल.

सहाच्या सुमारास परतलो. ती दोघं जिवंत होती. सुनंदाबाईंनी खिडक्या बंद करून फटींत ओल्या चादरी कोंबल्या होत्या, ओलं फडकं मोठ्या फादरांच्या तोंडावर धरून दोन तास पलंगापाशी बसल्या होत्या. दाराच्या फटीकडची बाजू त्यांनी स्वतःकडं घेतली होती. डोळे लाल, आवाज बसलेला. खोलीत पॅरिशची पाच-सहा माणसं. मी आत शिरताच सगळे वळले. कुणीतरी विचारलं, "फादर, तुम्ही कुठं होता?"

तेवढ्यात पलंगावरून मोठे फादर बोलले, एकेक शब्द ओढत, "मीच पाठवलं. बदलापूरला. आजाऱ्यांना कम्युनियन."

ऐंशी वर्षांचा तो धर्मगुरू माझ्यासाठी खोटं बोलला. लोकांनी मान हलवली. एक जण म्हणाला, "देवाचीच कृपा, नाहीतर तुम्हीपण सापडला असता." मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली.

सुनंदाबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, पुढंही नाही.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. मलाही इथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. भीती वाटली, पळालो—माणूस पळतो. पण पुढचं मी शांत डोक्यानं केलं.

सुनंदाबाई पूर्वीसारख्याच वागत होत्या. पूर्वीसारखीच भाकरी वाढायच्या. विचारायच्या, "फादर, अजून कालवण घेता?" फक्त खोकायच्या. भांडी घासताना, गोळ्या भरताना—त्या दिवसापासून लागलेला कोरडा खोकला. मी प्रवचन द्यायला उभा राहायचो आणि बाजूच्या खिडकीतून तो खोकला ऐकू यायचा. धैर्य हा शब्द मला उच्चारता येईना. त्यांच्या नजरेत काय होतं? राग? कीव? खरं सांगू—काहीच नव्हतं. त्या विसरल्या असतील, किंवा त्यांनी माफ केलं असेल. तेच मला सोसवेना. त्या घरात असेपर्यंत मी तोच राहणार होतो, काचा वर करणारा.

उन्हाळ्यात एकदा मोठे फादर दुपारपर्यंत झोपून राहिले. रात्रभर वीज नव्हती, उकाड्यानं डोळा लागला नव्हता, एवढंच. पण त्या दिवशी पॅरिश कौन्सिलची बैठक होती, आणि मी तिथं सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "मोठ्या फादरांच्या गोळ्यांत काहीतरी गोंधळ होतोय. सुनंदाबाई करतात मनापासून, पण..."

त्या 'पण'नंतर मी काहीच बोललो नाही. उरलेलं इतरांनी केलं. "वय झालं बाईंचं." "वाचता तरी येतं का नीट?" "उगाच जोखीम कशाला, फादर?" मी बैठकीला येण्याआधी ती डबी उघडून पाहिली होती. प्रत्येक कप्प्यात जी हवी तीच गोळी होती.

आठवड्याभरात नर्सिंग एजन्सीचा एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, कामाला आला. सुनंदाबाईंना मी म्हणालो, आता शिकलेला माणूस ठेवायचं ठरलंय. त्या म्हणाल्या, "बरं फादर." मग ब्रदरला नीट समजावून सांगितलं—सकाळची पांढरी गोळी चुरून द्यायची, पाणी कोमट, मान डावीकडं धरायची.

पावसाळ्यात मोठ्या फादरांना दुसरा झटका आला. वाचा जवळजवळ गेली. फक्त "सु... सु..." एवढंच यायचं. ब्रदरला वाटायचं, लघवीला लागलीय. तो भांडं आणायचा. मोठे फादर मान हलवायचे, डोळ्यांत पाणी यायचं, तो भांडं घेऊन परत जायचा. दिवसातून चार-पाच वेळा. ते कुणाला हाक मारतायत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चाळ शंभर पावलांवर होती. मी ब्रदरला सांगितलं नाही. चाळीत गेलो नाही. ते नोव्हेंबरात गेले.

त्या मधल्या काळातच बदलापूरच्या एका वृद्धाश्रमातून सिस्टरचा फोन आला. "सुनंदाबाई म्हणून आल्यात, तुमच्याकडं होत्या म्हणतात. चांगल्या वाटतात. ठेवू ना?" राहायची सोय, आयुष्यभराचं काम—त्यांना हवं होतं ते सगळं तिथं होतं. मी 'हो' म्हणायचं होतं. एक शब्द. पण ठेवलं तर त्या सिस्टरांशी बोलणार, एखाद्या दुपारी त्या दिवसाची गोष्ट निघणार... मी म्हणालो, "बाई मायाळू आहे, सिस्टर. फक्त औषधगोळ्या तिच्या हाती देऊ नका."

वृद्धाश्रमात अशा बाईला कोण ठेवणार?

फोन ठेवला आणि आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला गेलो. त्याच हातांनी.

आता माझी बदली उल्हासनगरला झालीय. गेल्या महिन्यात विठ्ठलवाडीच्या बस डेपोपाशी कुणीतरी मागून हाक मारली—"फादर!" सुनंदाबाई. खूप वाळलेल्या. मुलीकडं राहतात, एमआयडीसीत बाटल्यांना लेबलं लावायचं काम करतात, दुपारच्या पाळीला निघाल्या होत्या. माझी तब्येत विचारली. खोकल्या. मग जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "फादर, एक विचारायचं राहिलंय बघा. त्या सिस्टर म्हनल्या, माझ्या हातून गोळ्या चुकायच्या. मला तर आठवत नाय. पण तुम्ही म्हनले म्हणजे चुकलंच असंल. मोठे फादर... माझ्या गोळीनं तर गेले नाय ना ओ?"

इतकी वर्षं त्या हे घेऊन जगत होत्या.

माझ्यासमोर उभ्या होत्या, हातभर अंतरावर. आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. मला कुणाची भीती होती सांगा?

मी म्हणालो, "नाही, नाही. त्यांचं वयच झालं होतं. आणि झाली असेल एखादी चूक, तरी त्यांनी ती मनात ठेवली नव्हती. तुम्हीही ठेवू नका."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. त्यांनी हात जोडले. डोळे पुसत म्हणाल्या, "लय हलकं वाटलं, फादर." तेवढ्यात बस लागली, त्या लगबगीनं चढल्या आणि खिडकीतून बस वळेपर्यंत माझ्याकडं पाहून हात हलवत राहिल्या. मीही हात हलवला.