भोईर मामांचा लाल झेंडा

मी डोंबिवलीला घरी पोचलो की बायको विचारते, "आज काय घडलं तुमच्या विमानतळावर?" सांगायला बसलो की आमटी गार होते, पण किस्से काही संपत नाहीत! विमानतळ म्हणजे तरी काय? कल्याणच्या पुढे माळावर एक धावपट्टी, एक शेड आणि फ्लाइंग क्लबची चार छोटी विमानं. मी रेडिओवर बसतो. आणि निम्मे किस्से भोईर मामांचे.

मामा बाजूच्याच गावचे. पट्टीवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. हातात दोन झेंडे. हिरवा म्हणजे या. लाल म्हणजे थांबा, आणि विमान उतरत असेल तर न उतरता आणखी एक चक्कर मारा. उगाचच्या उगाच लाल झेंडा? छे! मामा तसले नाहीत.

*

ठाण्याचे एक बिल्डर स्वतःच्या विमानाने निघालेले. मामांनी लाल दाखवला. साहेब दार उघडून ओरडले, "अहो, मला मीटिंग आहे!"

"टिटवीची पिल्लं पट्टी क्रॉस करतायत. त्यांना अजून उडता येत नाय. तुमाला येतं ना? मंग थांबा!"

साहेब थांबले. वर पिल्लांचा फोटोही काढला.

*

एकदा कळव्याच्या एका पेशंटला तातडीने विमानाने हलवायचं होतं. अ‍ॅम्ब्युलन्स अडकली गावात, कारण रस्ताभर हळदीचा नाच! मामांनी थेट डीजेवाल्याला फोन लावला. गाणं बंद! हळदीने माखलेला नवरदेव स्वतः गाड्या बाजूला करत अ‍ॅम्ब्युलन्सच्या पुढे पळत आमच्या गेटपर्यंत आला.

विमान उडालं. नवरदेव धापा टाकत म्हणाला, "मामा, आता वाजवायला सांगू ना?"

काय माणसं आहेत राव!

*

आमच्या मुख्य इन्स्ट्रक्टर डिमेलो मॅडम. मामांना कितीदा म्हणाल्या, "चला, एक राउंड मारून आणते."

मामांचं उत्तर ठरलेलं. "मी वर गेलो तर खाली कोण बगल?"

*

मामांची मुलगी प्रणाली आमच्याकडेच विमान शिकते. पहिली सोलो, म्हणजे मॅडम उतरणार आणि ही एकटी उडणार. ती झाल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. पहिल्या वेळी मामांनी वीटभट्टीचा धूर बघून लाल दाखवला. म्हणे वारा फिरणार. आमचं हवामानाचं मशीन म्हणत होतं, सगळं ओके. अर्ध्या तासात शेडचा पत्रा उडाला!

दुसऱ्या वेळी पट्टीत म्हशी शिरल्या. पुन्हा लाल.

प्रणाली माझ्या केबिनमध्ये येऊन रडली. "काका, बाबांना मी उडायलाच नकोय. तोंडावर बोलत नाहीत, एवढंच."

मी तिला "वेडी आहेस का" म्हणालो खरा. पण गावातही लोक तेच बोलत होते, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायला लागलेलं.

*

तिसऱ्या वेळी मॅडम उतरल्या. "जा. मी चहा घेते." प्रणाली एकटी वर गेली.

चक्कर मारून ती उतरायला आली आणि मामांचा लाल झेंडा वर! पट्टीवर कुत्रं. मी रेडिओवर सांगितलं, "प्रणाली, वर घे, परत ये." तिचा आवाज एकदम शांत.

परत आली, अगदी सरळ रेषेत. पुन्हा लाल! मी केबिनमधून वाकून वाकून पाहिलं. पट्टी मोकळी. पण मामांचा झेंडा म्हणजे झेंडा, तिला पुन्हा वर पाठवलं. मॅडम चहा टाकून बाहेर धावल्या.

तिसऱ्यांदा हिरवा. पोरगी इतकी अलगद उतरली की मॅडमनी टाळ्याच वाजवल्या!

ती मात्र खाली उतरून तरातरा बापाकडे गेली. "पहिल्यांदा कुत्रं होतं, मी पाहिलं. दुसऱ्यांदा काय होतं, बाबा?"

मामा झेंडे गुंडाळत खाली बघत राहिले.

"काय नव्हतं."

"मग?"

"मना तुला अजून एकदा उडताना बगाचं होतं."