बारावा बाण

चार वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, भिंगारजवळच्या मैदानावर साळवे सरांच्या धनुष्यातून सुटताना एक कार्बनचा बाण फुटला. त्याचे तुकडे त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या बुडात घुसले. बाण मी बनवला होता, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

मी नगरला एका दैनिकात उपसंपादक आहे. तिरंदाजी मला सरांनी शिकवली. ते शाळेत चित्रकला शिकवतात. राज्य निवड चाचणीसाठी त्यांना एकसारखे बारा बाण हवे होते. मी म्हणालो, मी करतो.

बाणाच्या मागच्या टोकाला, पिसं चिकटवण्याआधी, रॅप लावतात — रंगीत, पातळ, चिकट कागदासारखी पट्टी. पट्टी चिकट बाजू वर करून ठेवायची, बाणाची कांडी तिच्या कडेवर सरळ टेकवायची आणि एकदाच पुढे लोटायची. मी पैठणीच्या काठाची नक्षी छापून घेतली होती. अकरा बाण सुरेख झाले.

बारावी कांडी हातातून निसटून फरशीवर आपटली होती. मागच्या टोकाजवळ एक रेघ दिसत होती. ओरखडा असेल? की तडा? कांडी वाकवून कानाशी धरली — बारीक करकर आली. अशी कांडी मोडून टाकतात. मला हे माहीत होतं. पण अकरा बाण कसे द्यायचे? पट्टी त्या रेघेपेक्षा लांब होती. मी ती गुंडाळली. रेघ दिसेनाशी झाली.

सर बाण बघून हसले. “हे बाण हायेत का करवल्या रं?” मग त्यांनी विचारलं, “समदे वाकवून बघितलेस ना?”

मी म्हणालो, “बघितले सर.”

हे खरंच होतं, नाही का? मी बघितले होते. करकर ऐकली होती. एरवी प्रत्येक बाण ते स्वतः वाकवून बघत. त्या दिवशी बघितले नाहीत.

त्या रविवारी बाण फुटल्यावर सरांना गाडीत बसवलं आणि मी गवतातून त्याच्या रॅपचा तुकडा शोधला आणि खिशात घातला. का? कुणी रेघ बघू नये म्हणून.

दवाखान्यात ते मला म्हणाले, “तुझं काय न्हाई. मीच बघायला पायजे हुतं.”

तेव्हा बोलता आलं असतं. मी त्यांना पाणी दिलं.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. अंगठा पूर्ण मिटत नाही. ते चाचणीला गेले नाहीत, आणि त्यानंतर त्यांनी धनुष्य धरलेलं नाही. रविवारी मैदानावर मुलांना शिकवतात.

परवाच्या रविवारी नवी नऊ मुलं आली होती. सरांनी त्यांना अंगठा दाखवला आणि सांगितलं, “बाण न तपासता सोडला, चूक माझी हुती.” मी त्यांच्या शेजारी उभा होतो.